मुंबई बघायला कधी यावं? माझं मत: जूनचा दुसरा पंधरवडा

अकोल्याचा_वाटसरू
चार महिन्यांपासून घरात एकच विषय आहे, मुंबई. मी, बायको, अकरा आणि सहा वर्षांची दोन पोरं आणि अडुसष्ट वर्षांची आई. आईनं अजून समुद्र पाहिलेला नाही. ज्याला विचारावं तो डिसेंबर सांगतो. माझं मत वेगळं आहे. पटत नसेल तर स्पष्ट लिहा.

मुंबईत मॉन्सून पोचायची सरासरी तारीख ११ जून. तिकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या मात्र त्यानंतर. म्हणजे मधल्या दिवसांत आमच्या पोरांना सुट्टी, मुंबईच्या पोरांना शाळा, आणि वर पाऊस. एप्रिल-मे आम्ही ४४-४५ अंशांत काढतो. पाऊस ही आम्हाला अडचण वाटत नाही, तोच बघायला तर जायचंय. हॉटेलं डिसेंबरच्या मानानं स्वस्त, शाळाही बुडत नाही.

शीवचा_रहिवासी
पूर्णपणे असहमत. दादा, ११ जून ही सरासरी आहे, गाडीचं वेळापत्रक नाही. २०२३ साली पाऊस मुंबईत आला २५ जूनला. २०२५ साली २६ मेलाच आला आणि त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. दोन वर्षांत महिन्याचा फरक! रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुम्ही एप्रिलातच तारीख ठरवणार. पाऊस लांबला तर सगळे दिवस घामात जातील. तुमच्या ४४ अंशांत घाम वाळतो, आमच्या ३४ अंशांत तो अंगावरच राहतो.

आणि पाऊस लागला तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझे वडील दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचले, तोवर आईनं पाणीही घेतलं नव्हतं. असा दिवस रोज येत नाही, मान्य. पण कारण तेच आहे. शहराचे नाले समुद्रात उतरतात. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्राचं पाणी नाल्यांत उलटं येऊ पाहतं, दारं लावून घ्यावी लागतात, मग पावसाच्या पाण्याला वाटच उरत नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे असे सखल भाग तुंबतात, लोकल थांबते. मुंबईकर ऑफिसात पाठ टेकतो. तुम्ही आईंना आणि सहा वर्षांच्या पोराला घेऊन कुठे बसाल?

पापलेटप्रेमी
अजून एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासे खाणारे असाल तर ताज्या पापलेटाची आशा सोडूनच या.

ठाण्याची_लेक
धागाकर्त्यांना माझं अनुमोदन. शीवकरांची भीती खरी आहे, पण ती जुलैची भीती आहे. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, जवळजवळ अकोल्याचा वर्षभराचा पाऊस. जूनमध्ये त्याहून बराच कमी.

आणि पावसात जे दिसतं ते डिसेंबरात दिसतच नाही. कान्हेरीचंच बघा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. हिवाळ्यात लोक चैत्यगृह बघतात, फोटो काढतात, परत फिरतात. पावसाळ्यात मात्र त्या डोंगराचं खरं काम कळतं. कातळात कोरलेल्या बारीक पन्हळींतून पाणी खाली येतं आणि लेण्याबाहेरच्या पोढ्यांमध्ये, म्हणजे कातळातल्या टाक्यांमध्ये, साठतं. शेकडो भिक्षू इथे वर्षभर राहत ते या पाण्यावर. ते वाहताना बघितल्यावर माझ्या मुलीनं विचारलं, "हे अजून चालू आहे?" हो, अजून चालू आहे. हे पुस्तकातून समजत नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं, आणि पायात घसरणारी चप्पल नको.

जोराचा पाऊस लागलाच तर फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. अख्खा दिवस जातो, पाय दुखतात पण मन भरत नाही.

ऐरोलीचा_पक्षीमित्र
जूनमध्ये आलात तर रोहित पक्षी गेलेले असतील. ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मेअखेर परततात. ऐरोलीच्या खाडीत खारफुटीतून बोटफेरी असते. भरतीचं गणित जुळलं तर हजारो गुलाबी पक्षी नजरेच्या टप्प्यात. एवढ्या कोट्यवधी माणसांच्या शहराला खेटून हे दृश्य आहे, आणि मुंबईतल्याच कितीतरी लोकांनी ते पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मत जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पहाटे १७-१८ अंश. घारापुरी बेटावरच्या लेण्यांना जाणारी लाँच बिनधास्त सुटते. (पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंदच असतात, घारापुरीच्या हवामान बघून.) बेटावर धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे, पुढे लेण्यांपर्यंत १२० च्या आसपास पायऱ्या. ओल्या पायऱ्या अडुसष्टाव्या वर्षी नकोत. त्याच सुमारास काळा घोडा कला महोत्सव असतो, १९९९ पासून चालू आहे, तिकीट नाही.

चेंबूरची_ताई
हिवाळ्याचं एवढं कौतुक वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. गेल्या काही वर्षांतली डिसेंबर-जानेवारीची हवा कुणी मोजतंय का? वारा मंदावतो, बांधकामांची धूळ खालीच राहते, सकाळी खिडकीतून समोरची इमारत धुरकट दिसते. माझ्या मुलाला दर हिवाळ्यात पंप लागतो. जून-जुलैत हीच हवा धुऊन निघते. आईंना दम्याचा त्रास असेल तर पाऊसच बरा.

गिरगावकर
सगळे हवामानावर बोलताय. मुंबई हवामानासाठी बघतात का? मुंबई गणपतीत बघावी. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतोय आणि मूर्ती आजही छोटी आहे. सकाळी सातला या, रांग नाही, चाळकरी स्वतः प्रसाद देतील. मग खेतवाडीच्या गल्ल्या पायी. लालबागचा राजा १९३४ चा, पण लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन त्या रांगेत उभं राहू नका, हे मी भक्त म्हणूनच सांगतो.

शीवचा_रहिवासी
गिरगावकर, गणपतीत पाऊस असतोच की. शिवाय त्यांच्या पोरांना तेव्हा सुट्टी नाही.

संत्रानगरी
डिसेंबरात गर्दी म्हणून लोक ६ तारीख टाळायला सांगतात. मी उलट सांगेन. आमच्या घरचे दर वर्षी नागपूरहून चैत्यभूमीला जातात. शिवाजी पार्कवर त्या दिवसांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेवढी पुस्तकं एका जागी विकली जाताना मी दुसरीकडे पाहिली नाहीत. दर्शन नसेल घ्यायचं तरी अकरा वर्षांच्या मुलाला ते दाखवा. फक्त राहायची सोय दादरला करू नका, नाताळच्या आधीही खोल्या मिळत नाहीत.

फोर्टातली_नोकरी
महिना कोणताही धरा, वार चुकवू नका. सोमवारी घारापुरी आणि कान्हेरी बंद, बुधवारी राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. रविवारी लोकलला मेगाब्लॉक. पण रविवारी सकाळी फोर्ट मोकळा असतो. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान असं चालत जायला तोच दिवस. आम्ही आठवडाभर तिथे असतो आणि वर बघायला वेळ नसतो.

अकोल्याचा_वाटसरू
सगळं घरात वाचून दाखवलं. कान्हेरीचं ऐकून मोठा अजून पावसाच्या बाजूनं आहे आणि मीही आहे. ताई, आईला दमा नाही, गुडघे दुखतात.

पण एक प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता, तो काल विचारला. "आई, समुद्र लांबून बघायचा की कसा?" ती म्हणाली, "पाण्यात पाय बुडवायचे." जूनमध्ये ते होणार नाही, उधाणात किनाऱ्यावर कुणी उतरू देणार नाही, आणि देऊही नये. ऐरोलीकर, फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरतोय. पोरांची चार दिवस शाळा बुडेल, त्यांच्या बाईंना मी भेटतो.

ठाण्याची_लेक
पोरांना पुढच्या वर्षी जूनमध्ये पाठवा, कान्हेरीला मी नेईन. आईंना आधी आणा.

गिरगावकर
चौपाटीवर सकाळी या, शनिवार-रविवार सोडून. निघण्याआधी ओहोटीची वेळ बघा. तेव्हा ओली, घट्ट वाळू लांबपर्यंत मोकळी होते, दुखऱ्या गुडघ्यांना कोरड्या वाळूपेक्षा तीच सोपी जाते. त्यांचा हात धरा आणि घोट्यापर्यंतच जाऊ द्या.