आठवी ते दहावीच्या पोरांना काय वाचायला द्यायचं? ग्राफिक नॉव्हेलला वाचन म्हणायचं की नाही?

शनिवारचा_कट्टा (नाशिक)

बरेच दिवस हे डोक्यात आहे, पण काल जे झालं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आम्ही दोघी मैत्रिणी आमच्या कॉलनीतल्या तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी पुस्तकं वाटतो, बसून बोलतो, बस एवढंच. काल एका मुलाचे वडील आले आणि 'माऊस' परत देऊन गेले, म्हणाले आम्ही त्याला वाचायला पाठवतो, कॉमिक्स बघायला नाही. मुलगा मागे उभा होता, त्याचा दुसरा भाग अर्धा राहिलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'माऊस' म्हणजे आर्ट स्पीगलमनने आपल्या वडिलांची कहाणी चित्रांतून सांगितलीय, पोलंडमधले ज्यू, ऑशविट्झची नाझी छळछावणी, आणि म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये मुलाशी सतत खटके उडणारा बाप. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ ला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. हे 'बघण्याचं' पुस्तक नाहीच, बघत बघत वाचायचं आहे. दुसऱ्या भागात एक पान आहे, लेखक टेबलाशी बसलाय, पहिलं पुस्तक गाजलंय, आणि टेबलाखाली उंदरांच्या प्रेतांचा ढीग. त्याच्या स्वतःच्या तोंडावर तर उंदराचा मुखवटा दोरीने बांधलेला दिसतो. आमच्यातली एक मुलगी त्या एका पानावर वीस मिनिटं बोलली. हा खरा उंदीर का नाही, याने मुखवटा का घातलाय, दुसऱ्याच्या दुःखावर पुस्तक गाजलं म्हणून याला लाज वाटतेय का. सांगा, याला वाचन नाही तर काय म्हणायचं?

मला एवढंच म्हणायचंय की ग्राफिक नॉव्हेल ही "खऱ्या" पुस्तकाकडे नेणारी शिडी म्हणून देऊ नका, औषधाबरोबर साखर दिल्यासारखी. तिला पूर्ण पुस्तकाचा मान द्या आणि जोडीला मराठी कादंबरी द्या. माझी आवडती जोडी म्हणजे 'पर्सेपोलिस' आणि 'शाळा'. एकीकडे मार्जान सत्रापीची इराणमधली छोटी मार्जी, क्रांती झाली, शाळेत डोक्यावर रुमाल सक्तीचा झाला. दुसरीकडे मिलिंद बोकीलांचा मुकुंद जोशी, नववीत, आणीबाणीचा काळ. दोन्हीकडे वरती देशात काहीतरी भयंकर चाललंय आणि यांना मात्र मित्र, घर, प्रेम, मास्तर यांचीच पडलीय, आणि तरी ते वरचं हळूहळू खाली झिरपतंच. पोरांना हे कुणी सांगावं लागत नाही, दोन्ही वाचली की आपसूक कळतं.

सातारकर_मास्तर

ताई, तुमची तळमळ पोचली. पण मी हायस्कूलला मराठी शिकवतो, बावीस वर्षं झाली, आणि मला तुमचं पटत नाही, आणि मी त्या वडिलांच्या बाजूने पण नाही, त्यांनी अर्धवट पुस्तक काढून घेतलं ते चूकच.

पहिली गोष्ट, तुम्ही जी नावं घेताय ती मुलं इंग्रजीतच वाचणार ना? मराठीत या वयासाठी ग्राफिक नॉव्हेलचं कपाट भरेल एवढं आहे कुठे? म्हणजे जोडी म्हणता म्हणता वजन इंग्रजीकडेच झुकणार. माझ्या वर्गात आज अशी मुलं आहेत ज्यांना 'बनगरवाडी'चा पहिला परिच्छेद वाचताना धाप लागते. माडगूळकरांची वाक्यं काही अवघड नाहीत हो, सवयच राहिली नाहीये. लांब मजकूर धरून बसायची, चारशे पानं डोक्यात सांभाळायची ताकद रोज थोडं थोडं वाचूनच येते. आम्ही 'मृत्युंजय' वाचलं तेव्हा तो ठोकळा हातात धरून मनगट दुखायचं पण सोडवत नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. 'शाळा' वाचताना मुकुंदला आवडणारी शिरोडकर कशी दिसते? माझ्या वर्गात चाळीस मुलं असतील तर चाळीस शिरोडकर असतात, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. चित्र काढलं की एकच उरते. वाचणाऱ्याचं निम्मं काम चित्रकार करून टाकतो. पंधराव्या वर्षी ते काम स्वतः करायला शिकायचं नाही तर कधी शिकायचं?

टेक्सासची_आई

मास्तर, शिरोडकरचा मुद्दा एकदम मान्य, पण एक सांगू का, 'माऊस'मध्ये चेहरे जवळपास सगळे सारखेच आहेत. उंदराचं तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे. कोण कोण आहे ते कोटावरून, चष्म्यावरून, बोलण्यावरून ओळखावं लागतं आणि भीती, लाज, राग हे सगळं तुम्ही स्वतः भरता. आणि दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी असते ना, तिथे काय झालं ते कुणीच काढलेलं नसतं. एका चौकटीत दार वाजतंय, पुढच्यात घर रिकामं. मधलं सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात.

इकडे आमच्या लायब्ररीत टीन सेक्शनला ग्राफिक नॉव्हेलची वेगळी मोठी रांग आहे आणि कोणी नाकं मुरडत नाही. जीन लुएन यांगच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज'ला, चिनी वंशाच्या अमेरिकन मुलाची गोष्ट, २००७ साली प्रिंट्झ पुरस्कार मिळाला, तो कुमारांच्या पुस्तकांसाठीचा इथला मानाचा पुरस्कार. नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या 'मार्च'च्या तिसऱ्या भागाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड. माझ्या मुलीने 'अमेरिकन बॉर्न चायनीज' वाचलं आणि पहिल्यांदा मला सांगितलं की तिला पण डब्यात पोळीभाजी न्यायची लाज वाटायची. सहा वर्षं मला माहीत नव्हतं.

आणि मराठीचं म्हणाल तर तीच माझी खरी तक्रार आहे. माझी मुलगी मराठी बोलते फर्डं पण देवनागरी अडखळत वाचते. कादंबरीचं पान बघून ती घाबरते. चित्रं आणि फुग्यातली चार वाक्यं असती तर तिने वाचलं असतं हो. मराठीत नाहीये म्हणून ग्राफिक नॉव्हेल नको असं म्हणण्यापेक्षा नाहीये म्हणून हवं असं म्हणूया ना.

एक_बाप

इथे सगळे पुरस्कारांबद्दल बोलतायत, मी वेगळं बोलतो. 'माऊस'मध्ये लेखकाच्या आईच्या आत्महत्येचा भाग आहे, चार पानं, एकदम वेगळ्या काळ्याकुट्ट शैलीत. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना एका वाईट काळातून जात होती, कारण इथे लिहीत नाही. तिच्या हातात ते पुस्तक असंच आलं, तेही "कॉमिक्स आहे, सोपं आहे" असं सांगून. मला रात्री दोन वाजता कळलं की ती जागी आहे.

बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण शब्दांत वाचलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं सारखं नसतं. वाक्य आपण झेपेल तेवढंच आत घेतो, चित्र पान उलटल्याबरोबर थेट आत जातं. देणाऱ्याने आधी स्वतः वाचलेलं असावं आणि मूल कुठल्या अवस्थेत आहे ते त्याला माहीत असावं. एवढी जबाबदारी घेणार असाल तर द्या.

शनिवारचा_कट्टा (नाशिक)

@एक_बाप, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ. तुमचं बरोबर आहे. आम्ही ती चार पानं आधी सांगतो, कुठे आहेत, काय आहे, वगळून पुढे गेलात तरी चालेल. पण घरच्यांना विचारत नव्हतो. यापुढे विचारू.

टेक्सासची_आई

@एक_बाप, मुलगी आता बरी असेल अशी आशा करते. यावरून आठवलं म्हणून सांगते, २०२२ च्या जानेवारीत टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने हेच पुस्तक आठवीच्या अभ्यासातून काढलं, दहा विरुद्ध शून्य मतांनी. कारण काय तर काही शिव्या आणि एक नग्न चित्र. मग देशभर त्याचा खप वाढला आणि ज्या मुलांनी ते वर्गात शिक्षकांसोबत वाचलं असतं त्यांनी ते एकट्याने वाचलं. तुमची काळजी वेगळी आहे आणि खरी आहे, पण मोठ्या माणसांची सोबत काढून घेतली की काय होतं तेही बघायला हवं.

झेडपीचा_गुरुजी (जालना)

तुमची चर्चा चांगली आहे पण आमच्या आठवीच्या वर्गात यातलं एकही पुस्तक कुणी पाहिलेलं नाही. ग्राफिक नॉव्हेलच्या एका प्रतीच्या पैशात माझी तीनचार मराठी पुस्तकं येतात, मग मी काय घेणार सांगा. शाळेच्या पेटीत जे आहे त्यात सगळ्यात फाटलेलं पुस्तक 'फास्टर फेणे'चं, म्हणजे सगळ्यात वाचलेलं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ट्टॉक. तेरा वर्षांची पोरं, घरी कापूस वेचून आलेली, पुणं कधी न पाहिलेली, तरी त्यांना तो आपला वाटतो. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ ला सुरू केलं, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, मी मोबाईलवरून प्रोजेक्टरवर टाकतो आणि चित्रांसकट वाचून घेतो.

आणि मास्तर, चित्रकथा मराठीत नव्हत्याच असं नाही. अनंत पैंची अमर चित्र कथा १९६७ ला सुरू झाली, मराठीत पण यायची, एसटी स्टँडवर मिळायची. मी ती बघूनच वाचायला शिकलो, घरात दुसरं पुस्तक नव्हतं. त्या चित्रात राक्षस काळे आणि देव गोरे का हे मात्र मला फार उशिरा सुचलं. म्हणून म्हणतो, चित्र वाचायला पण शिकवावं लागतं, नाहीतर ते तसंच डोक्यात बसतं.

दहावी_ब

मी पंधरा वर्षांची आहे आणि तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितेय.

आमच्या वर्गात अर्धी मुलं मँगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचतात, मोबाईलवर, उजवीकडून डावीकडे, शेकडो चॅप्टर्स. लांब वाचायची ताकद नाही असं म्हणताना हे कुणी मोजतच नाही. आम्हाला कुणी विचारत पण नाही की त्यात काय आहे, फक्त फोन खाली ठेव म्हणतात.

'शाळा' मी दोन रात्रीत वाचलं, ते पण सरांनी सांगितलं म्हणून नाही, मैत्रिणीने सांगितलं म्हणून. तिने फक्त एवढंच म्हटलं की शेवट वाचून मला फोन कर. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मला बारा वर्षांची असताना वाढदिवसाला मिळालं होतं, तेव्हा दहा पानांत सोडलं कारण काही घडतच नाही असं वाटलं. गेल्या मे महिन्यात परत उघडलं तर त्यातला लंपन म्हणजे मीच. "मॅडसारखं" हा शब्द आता आमच्या ग्रुपमध्ये सगळे वापरतात. पुस्तक तेच होतं.

प्लीज वाचून झाल्यावर "काय शिकलीस" विचारू नका. त्या प्रश्नामुळे पुस्तक वाचायचीच भीती वाटते. कुठे थांबलीस असं विचारलं तर आम्ही सांगतो.

सातारकर_मास्तर

@दहावी_ब, बाळा, मँगाचं मी खरंच कधी विचारलं नव्हतं. सोमवारी वर्गात विचारतो.

मधल्या आठ दिवसांत मी 'भीमायन' हे बाबासाहेब आंबेडकरांवरचं ग्राफिक नॉव्हेल मिळवून वाचलं, सहकारी शिक्षिकेकडे होतं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढलेलं, २०११ चं. त्यात चौकोनी चौकटीच नाहीत, भिंतीवर काढतात तशा दिग्नाच्या नक्षीने पान विभागलंय. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आणि त्यात मसूरचा प्रवास आहे. लहान भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून गाडीने मसूरला उतरतात, वडिलांना भेटायला, स्टेशनमास्तर जात विचारतो, गाडीवान मिळत नाही, दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि वाटेत कुठे पाणी नाही. मी आयुष्यभर मसूर स्टेशनवरून जातोय. हा प्रसंग मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलाय. पण ती तहान अशी दिसली नव्हती मला, हे मान्य करतो.

पण म्हणून माझं मत गेलं असं समजू नका. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलंय, अगदी साध्या वाक्यांत, आवाज न चढवता. मला त्या न चढवलेल्या आवाजाची जास्त किंमत वाटते. विंचवाची नांगी दाखवली की मला सांगितलं गेलं की हे बोलणं विषारी आहे. त्यांच्या गद्यात ते मला ओळखावं लागतं. मुलांना ते ओळखता यायला हवं, बाहेर जगात बोलणाऱ्याच्या तोंडाला नांगी काढलेली नसते.

शनिवारचा_कट्टा (नाशिक)

मास्तर, हे मी पुढच्या शनिवारी मुलांना वाचून दाखवणार आहे, तुमचं नाव न घेता.

आणि आजची गोष्ट सांगते. 'वनवास'मधला एक प्रसंग सगळ्यांनी वाचला आणि मग सांगितलं की हा फक्त सहा चौकटींत काढा. चित्र येत नसेल तर काड्यांची माणसं चालतील. भांडणं सुरू झाली. कोण म्हणतंय आजीचं वाक्य ठेवायलाच हवं, कोण म्हणतंय लंपनच्या मनातलं चित्रात कसं आणणार, ते फुग्यात टाकलं तर मजा जाते. एका मुलीने एक चौकट पूर्ण रिकामी ठेवली, म्हणाली इथे तो गप्प आहे. प्रत्येकाने तो मजकूर चारपाच वेळा तरी उलटसुलट वाचला असेल, शब्द न् शब्द. 'माऊस' परत गेलेला मुलगा पण आला होता, वडीलच सोडायला आले आणि दाराशी उभे राहिले बराच वेळ.

सातारकर_मास्तर

आधी गद्य वाचलं ना त्यांनी. मग काढलं. मी तेच म्हणतोय.

ती रिकामी चौकट कुठल्या वाक्याची होती, ते मात्र विचारून सांगा.

दहावी_ब

मला पण सांगा. आणि त्या मुलाला दुसरा भाग मिळाला का परत?

शनिवारचा_कट्टा (नाशिक)

मिळाला. वडिलांनी पहिला भाग मागून नेलाय, स्वतःसाठी.