हळद सांगलीची, आतडं काकांचं: गोळ्या बंद करून वनस्पतीवर भरवसा ठेवायचा का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आमचे चुलते, वय ६१, तासगावच्या बाजूला द्राक्षबाग. चार वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. मिरजेला दाखवलं, मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारी गोळी) सुरू झालं आणि तीन वर्षं माणूस बागेत राबत होता. दिवाळीत पाहुण्यांपैकी कुणीतरी सुनावलं, "हळदीच्या गावात राहता आणि कंपनीच्या गोळ्या खाता?" झालं. गोळ्या बंद, रोज सकाळी दुधात चमचाभर हळद आणि वर मिरपूड. सहा आठवड्यांत आव-रक्त सुरू. मी गेलो तेव्हा देवळीत हळदीची बरणी अर्धी झालेली आणि तिच्यामागं गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. काकूला पत्ताच नव्हता.

हळदीला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. हळदीतल्या करक्युमिन या द्रव्यावर खरंच काम झालंय. २००६ साली जपानमध्ये आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांवर प्रयोग झाला. सहा महिने रोज २ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्या ४३ जणांत दोघांचा आजार उलटला, नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्या ३९ जणांत आठ जणांचा. पण यातली मेख कुणी सांगत नाही. दोन्ही गटांची नेहमीची औषधं चालूच होती! करक्युमिन जोडीला होतं, जागेवर नव्हतं.

आता हिशेब. हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के. २ ग्रॅमसाठी रोज ६५-७० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. काकांचा चमचा ३ ग्रॅमचा, म्हणजे करक्युमिन फार तर ९० मिलिग्रॅम. शिवाय ते अंगात शोषलंही जात नाही, मग उपयोग काय?

माझं म्हणणं एवढंच: वनस्पतीतलं द्रव्य औषध होऊ शकतं, पण स्वयंपाकघरातला डबा म्हणजे औषध नव्हे.

हरिपूरचा_पेवकरी

काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण दादा, दोष हळदीचा का गोळ्या बंद करण्याचा? ते तुम्हीच वेगळं करत नाही. आमच्या चार पिढ्या हळदीत गेल्या. शिजवायची, वाळवायची, पेवात म्हणजे जमिनीखालच्या कोठारात भरायची. २००५ च्या महापुरात पेवं गेली तवा घरातलं माणूस गेल्यागत रडलेत लोक. आमच्याकडं पोट बिघडलं की आजी ताकात हळद द्यायची, आणि गुण यायचा.

आणि दुसरं. जखमेवरच्या हळदीचं पेटंट १९९५ ला अमेरिकेनं देऊन टाकलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी संशोधन परिषदेनं, भांडून १९९७ ला रद्द करून घेतलं, माशेलकर साहेब तिचे प्रमुख होते तवा. म्हणजे तिकडच्यांना किंमत कळते, आणि इथं आपलीच पोरं चमचे मोजत बसलीत. पेटंट मिळत नाही म्हणून कुठली कंपनी हळदीवर पैसा लावत नाही, ही खरी गोष्ट.

मिरज_फार्मसी

कृष्णाकाठ, तुमचा हिशेब बरोबर, पण शेवटचं वाक्य चुकलं. करक्युमिन रक्तात फार कमी जातं हे खरं. पण कोलायटिस कुठे आहे? मोठ्या आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर. तिथं न शोषता पोचणारं द्रव्य ही अडचण नाही, सोयच आहे. मेसालामाइनच्या गोळीला वरून लेप देतात तो याचसाठी, वरच्या वर शोषली जाऊ नये आणि खालपर्यंत टिकावी म्हणून.

त्याच न्यायानं काकांची मिरपूड उलटं काम करते. मिरीतलं पायपेरिन करक्युमिनचं शोषण वाढवतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांत ते २० पटींनी वाढलेलं दाखवलं. सांधेदुखीवाल्याला कदाचित हवं असेल, कोलायटिसवाल्याला कशाला? वर पायपेरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. हळदीच्या कॅप्सूल घेऊन यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटली आणि अमेरिकेत नोंदली गेलीत, आणि त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरी होती.

पेवकरी, पैसा लावत नाहीत म्हणता, पण दिल्लीच्या एम्सनंच केलाय ना प्रयोग. २०१७ साली छापून आला. रोज ४५० मिलिग्रॅम करक्युमिन, आठ आठवडे, सौम्य ते मध्यम आजार. खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही. २०१५ च्या दुसऱ्या एका प्रयोगात रोज ३ ग्रॅम दिलं, मेसालामाइनच्या जोडीला, तेव्हा एका महिन्यात २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला आणि दुसऱ्या गटातल्या २४ पैकी एकाचाही नाही. रुग्ण थोडे होते, पण मात्रेतला फरक बघा. एम्सची 'कमी' मात्रासुद्धा काकांच्या चमच्याच्या पाचपट होती.

सातारची_वैद्य

तुम्ही दोन्ही बाजूंनी करक्युमिन, करक्युमिन चालवलंय. हळद म्हणजे करक्युमिन नव्हे, आणि आयुर्वेद म्हणजे हळद नव्हे. रक्त पडणाऱ्या अतिसारात आम्ही आधी कुड्याचा विचार करतो, बेल, नागरमोथा, ताक. रुग्णाचा अग्नी बघतो, काळ बघतो. एक रेणू उचलून लाखो लोकांना एकच गोळी, ही तुमची पद्धत. ती फसली की म्हणायचं वनस्पती फसली!

गोळ्या परस्पर बंद केल्या ही मात्र चूकच. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा मी पहिलं हेच विचारते, चालू काय आहे.

मिरज_फार्मसी

वैद्यबाई, अख्खी वनस्पती तपासता येत नाही असं कुठंय? स्पेनमध्ये १९९९ साली इसबगोलचं बी (भुसा नव्हे, बी) थेट मेसालामाइनसमोर उभं केलं. १०५ रुग्ण, आजार शांत असलेले, १२ महिने. बियांच्या गटात ४० टक्क्यांचा आजार उलटला, मेसालामाइनच्या गटात ३५, दोन्ही मिळून घेणाऱ्यांत ३०. म्हणजे बी जवळपास बरोबरीला आलं. एक रेणू नाही, काही नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तो चोथा आंबवतात आणि त्यातून अस्तराच्या पेशींना लागणारं ब्युटिरेट तयार होतं. कुड्याचा असा मोठा, नीट प्रयोग करा, मी पहिला हात वर करीन.

कृष्णाकाठ

शोषणाचं माझं चुकलं, मान्य.

पण 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही' हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू येतं, त्यावर सांगतो. चीन-जपानकडे नीळ देणाऱ्या झाडांपासून 'चिंग दाय' नावाची भुकटी करतात. कोलायटिसवर ती भारी चालली, जपानमध्ये ८६ रुग्णांवर प्रयोग झाला आणि खोट्या गोळीला तिनं सहज मागं टाकलं. पण तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. बाहेर स्वतःच्या मनानं ही भुकटी घेणाऱ्या माणसाला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचा गंभीर आजार झाल्याचं पुढं आलं होतं. २०१६ च्या अखेरीस तिथल्या आरोग्य खात्यानं इशाराच काढला. जे झाड आतड्यापर्यंत पोचतं ते फुप्फुसापर्यंतही पोचू शकतं ना?

हरिपूरचा_पेवकरी

हे निळीचं माहीत नव्हतं. पेव उघडलं की आम्हीपण लगेच आत उतरत नाही. आत हवा नसते, माणूस तिथंच पडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता हळदीचा खड्डा.

पण तुमच्या गोळ्यापण काय सगळ्यांना लागू पडतात का? माझ्या मेव्हणीला मेसालामाइनचा गुण आला नाही, शेवटी स्टिरॉइड, तोंड सुजलं, साखर वाढली. ती आता कोरफडीचा रस घेते. तिला काय सांगू?

मिरज_फार्मसी

कोरफडीच्या गराचाही छोटा प्रयोग झालाय, ४४ रुग्ण, चार आठवडे, दिवसाला दोनदा १०० मिलि. थोडा फायदा दिसला. पण सालीलगतचा पिवळा चीक जाम रेचक असतो, कोलायटिसवाल्याच्या पोटात तो गेला की वाट लागते. घरी पान चिरून रस काढत असतील तर आधी तो थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइडच्या पुढंही आता औषधं आहेत, स्टिरॉइडवरच अडकून राहायचं कारण नाही.

वाईकर

काळमेघ ही वनस्पती राहिली की. त्याच्या अर्काचा प्रयोग २२४ रुग्णांवर झाला, १८०० मिलिग्रॅमवाल्यांत ६० टक्क्यांना फरक, खोट्या गोळीवाल्यांत ४०. लोक नाचले. पुढच्या मोठ्या टप्प्यात काही हाती लागेना म्हणून कंपनीनंच गाशा गुंडाळला. दोन्ही बाजूंनी जरा दमानं घ्या.

सातारची_वैद्य

ते '४० टक्के' वाचलं का सगळ्यांनी? काहीच न देता ४० टक्क्यांना बरं वाटलं. हा आजार मुळात चढउताराचा. पेवकरींच्या आजीचं ताक, माझा कुडा, कुणाचीही गोळी, श्रेय घेताना आपण सगळेच हा आकडा विसरतो. मीसुद्धा.

कृष्णाकाठ

काकांची ताजी खबर. काल मिरजेला नेलं. डॉक्टर ओरडले नाहीत, याचंच काकांना जास्त लागलं. मेसालामाइन परत सुरू, काही आठवडे स्टिरॉइड, आणि शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी करायला सांगितली, त्यावरून आतड्यात सूज किती ते कळतं. काकांनी शेवटी हळू आवाजात विचारलंच, "मग हळद?" डॉक्टर म्हणाले, भाजीत घाला की, कॅप्सूल घ्यायची झाली तर मला विचारून, जोडीला. आधी रक्त थांबू दे.

हरिपूरचा_पेवकरी

मग भाजीपुरती मी पाठवतो. पॉलिशला रंग न मारलेली, घरची. पिवळीधमक दिसणार नाही, काकूला आधीच सांगून ठेवा.