बुद्धिबळ: इटालियन ओपनिंगमध्ये घोडा जी५ वर न्यावा का? सल्ला हवा

चौसष्टघरं:
लेक अकरा वर्षांची, दोन वर्षं शिकतेय. पांढरी मिळाली की ठरलेलं इटालियन: ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४. समोरच्याने दुसरा घोडा एफ६ ला काढला रे काढला की हिचा घोडा जी५ वर, डोळा राजाशेजारच्या एफ७ च्या प्याद्यावर. गेल्या वर्षी असे भराभर डाव मारले. आता पोरं हुशार झालीत. परवा जिल्हा स्पर्धेत यातच दोन डाव गेले. परतताना एसटीत म्हणाली, "बाबा, माझं एक प्यादं जास्त होतं, तरी हरले." मला सोंगट्या कशा चालतात यापलीकडे फार येत नाही. ही चाल सोडायला सांगू का?

अडीचघर:
लगेच नको. काळ्याने डी५ केलं, हिने प्याद्याने मारलं, मग त्याने घोडा ए५ ला आणून उंटावर घातला, असंच झालं ना? गेल्या वर्षीची पोरं तिथे घोड्याने डी५ मारत असणार. मग आपला घोडा एफ७ वर पडतो, राजाने मारलं की वजीर एफ३ ला शह, आणि डी५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ ला यावं लागतं, पटाच्या मधोमध. यालाच फ्राइड लिव्हर म्हणतात. तळलेली कलेजी!

घोडा ए५ मध्ये ही मेजवानी नाही. उंट बी५ शह, सी६, प्याद्यांची मारामारी, उंट ई२, एच६, घोडा एफ३, ई४. पटावर मांडून बघा. उंट पळाला, घोडा पळाला, आणि ई४ ने तोच घोडा पुन्हा हाकलला. लेक बरोबर बोलतेय, प्यादं जास्तच असतं. पण तेवढ्यात काळ्याच्या सोंगट्या बाहेर येतात. घोडा ई५ ला बसवून, किल्लेकोट करून, त्याचा जोर ओसरेपर्यंत तग धरायची तयारी असेल तर खुशाल खेळू दे.

हत्तीबंद:
अकराव्या वर्षी तग धरा म्हणताय? :) मी चौथी चाल डी३ सांगेन. ई४ ला टेकू मिळतो. मग किल्लेकोट, सी३, हत्ती ई१, आणि बी१ चा घोडा डी२, एफ१, जी३ असा वळसा घेऊन. सी३ मुळे उंटाला सी२ हे पळायचं घरही मिळतं. डी४ सावकाश, सगळं जागेवर बसल्यावर. क्रॅमनिकने २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हपुढे बर्लिन बचाव उभा केला, तेव्हापासून रुय लोपेझवाल्यांची (तिसऱ्या चालीला उंट सी४ ऐवजी बी५ नेणाऱ्यांची) डोकेदुखी वाढली; पुढे बरेच ग्रँडमास्टर या संथ इटालियनकडे वळले ते उगाच नाही.

एक सांभाळा. काळ्याने किल्लेकोट केलेला नसताना उंट जी५ ला नेऊन त्याचा एफ६ चा घोडा वजिरापुढे बांधायला (म्हणजे हलला तर वजीर जाईल असा अडकवायला) जाऊ नका. एच६, जी५ करत प्यादी अंगावर येतात, आणि आपला राजा नेमका त्याच बाजूला बसलेला असतो.

चौसष्टघरं:
मांडून बघतो. क्लासमधला एक मुलगा मात्र घोडा जी५ ला आला तरी एफ७ वाचवतच नाही, सरळ उंट सी५ ला काढतो. ही गोंधळते.

अडीचघर:
त्या उलट्या हल्ल्याचं नाव ट्रॅक्सलर. ट्रॅक्सलर हे चेक पाद्री, त्यांचा हा डाव १८९० चा. घोड्याने एफ७ मारलं की तो उंट एफ२ वर शह देत पडतो, आणि पुढचं घरी बसून पाठ केलेल्यालाच झेपतं. त्या मुलाने केलेलं असणार. म्हणून घोड्याने नको, उंटाने एफ७ मारून शह द्यायचा. राजा ई७ ला येतो, आपण उंट बी३ ला परत. प्यादं खिशात, त्याचा किल्लेकोट गेला.

चौसष्टघरं:
काल रात्री पट मांडला. उंटाने मारायचं तिला एकदम पटलं. डी३ बघून म्हणाली, "हे बोअर आहे."

हत्तीबंद:
असणारच. उंट सी५ नंतरच्या त्या डी३ वाल्या खेळाचं नावच 'पियानिस्सिमो', म्हणजे अगदीच शांत.

चौसष्टघरं:
तह झालाय. रविवारी क्लासमध्ये एक डाव डी३, एक डाव जी५. तो ट्रॅक्सलरवाला समोर आला तर कळवतो.