पोरीने 'नाही' म्हटलं आणि कोचबाईंनी 11 सेकंदांत फोन ठेवला

फ्रीथ्रो_काका: काल इथेच एकाने ठोकून दिलं की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुलाने दुसरं कॉलेज निवडलं की कोचने त्याचा नंबर सरळ डिलीट करावा, नंतर गोड बोलणं म्हणजे लाचारी. डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

लेकीचं सांगतो. डिव्हिजन टू, म्हणजे कॉलेज खेळांची दुसरी पायरी, टीव्हीवर दिसणारं काही नाही, स्कॉलरशिपसुद्धा तुकड्यातुकड्यांनी. आमच्या टीममध्ये ये म्हणून दीड वर्ष एका कॉलेजच्या कोचबाईंचे मेसेज. मॅच जिंकली की आगीचे इमोजी, केमिस्ट्रीचा पेपर असला की शुभेच्छा, दिवाळीला तर चक्क पणती! तिचं दुसरीकडे ठरलं तेव्हा मीच म्हटलं, मेसेज टाकू नकोस, फोन कर. मी जिन्यात उभा. "ओके, गुड लक," आणि कट. नंतर कॉल लॉग पाहिला, 11 सेकंद. रात्री इन्स्टावर अनफॉलो. पोरगी जेवली नाही. 17 वर्षांच्या पोरीला एवढा लळा लावायचा तो फक्त रिबाउंडसाठी?

शिकागोकर_जुना: हो काका, रिबाउंडसाठीच. पगार त्याचाच मिळतो बाईंना. तुमची लेक विचार करत होती तेव्हा यादीतली दुसरी मुलगी भलतीकडे सही करून मोकळी झाली असेल. त्या रात्री बाईंना तिसरीला फोन लावायचा होता. आणि पोरं काय धुतल्या तांदळासारखी आहेत? तोंडी होकार द्यायचा, फोटो टाकायचा, महिन्याने फिरवायचा. कॉलेज जाहीर करताना टेबलावर चार-पाच कॉलेजांच्या टोप्या मांडून, एक उचलल्यासारखं करून दुसरी घालायची. समोर टीव्ही बघत बसलेल्या कोचचं काय होत असेल?

फ्रीथ्रो_काका: माझ्या लेकीने टोप्या मांडल्या नव्हत्या. आणि तिसरीला फोन लावायची एवढी घाई, तर अनफॉलो करायला बरा वेळ मिळाला!

बखरकार: कोच बिचारे? 2012 विसरलात वाटतं. विस्कॉन्सिनचा जॅरड यूटॉफ, एकही मॅच न खेळलेला पोरगा. दुसऱ्या कॉलेजात जातो म्हणाला तर कोच बो रायनने त्याला अख्खी बिग टेन (विस्कॉन्सिनची स्वतःची लीग) बंद, अख्खी एसीसी (दुसरी लीग) बंद, वर आयोवा स्टेट आणि मार्क्वेट ही कॉलेजंही बंद. रेडिओवर जाऊन बाजूही मांडली. बोंबाबोंब झाली तेव्हा बिग टेन सोडून बाकीचं उघडलं. पोरगा शेवटी गेला आयोवालाच, बिग टेनमध्येच.

आणि ते लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे याच कॉलेजात येतो असा सहीचा करार, 1964 पासून थेट 2024 पर्यंत चाललेलं. सही कॉलेजशी, कोचशी नाही. कोच जास्त पगारावर पळाला तरी पोरगा खुंट्याला बांधलेला.

शिकागोकर_जुना: यूटॉफ रिक्रूट, म्हणजे शाळेतून नव्याने येणारा, नव्हता; ट्रान्सफर, म्हणजे कॉलेज बदलणारा, होता. विषय काय, लिहिताय काय. आणि बांधलेला कुठला? 2024 मध्ये कोच कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सासला गेला, तेव्हा केंटकीला हो म्हणालेली काही पोरं त्याच्या मागोमाग गेलीच की.

एचआरवाली_पुणे: मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या कोचबाईंचं दुःख मला विचारा. ऑफर स्वीकारतात, 90 दिवस नोटीस पिरियडमध्ये गोड बोलतात, लॅपटॉप तयार, आयडी कार्ड छापलेलं, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. मागच्या जूनमध्ये एकाची मी सव्वाअकरापर्यंत रिसेप्शनवर वाट पाहिली. निदान 11 सेकंदांचा फोन तरी करा!

बेंचवरचा: मॅडम, कॅम्पसमधून पोरं उचलायची, ऑफर लेटर द्यायचं आणि जॉइनिंग आठ-आठ महिने ढकलायचं, ते कोण करतं? माझ्या भावाने पेढे वाटले होते. आजही शेजारी विचारतात, कधी लागतोय नोकरीला.

एचआरवाली_पुणे: ते मी ठरवत नाही.

बेंचवरचा: कोणीच ठरवत नसतं. पावसासारखं आपोआप होतं.

एचआरवाली_पुणे: तोंड सांभाळून. तुमच्या भावाला मी नव्हतं घेतलं.

बेंचवरचा: घेतलं असतं तरी ढकललंच असतं. आणि 90 दिवसांची नोटीस म्हणजे वेठबिगारी आहे.

एचआरवाली_पुणे: बरं, 90 जास्त आहेत. झालं समाधान? आता फोन बंद ठेवणाऱ्यांबद्दल बोला.

तीन_पॉइंटर: हिंजवडीतून परत या कुणीतरी.

शिकागोकर आणि बखरकार, तुम्ही दोघं जुन्या जमान्यातच अडकलात. 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर न खेळता बसावं लागत नाही, 2024 पासून तर अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. म्हणजे आज नाही म्हणणारा पोरगा पुढच्या वसंतात पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, दिसू शकतो. माझा पुतण्या एका टीमचा मॅनेजर आहे, टॉवेल-पाण्याचं बघतो. त्यांच्या कोचने असिस्टंटांना बजावलंय, नकार आला तर आईलासुद्धा अभिनंदनाचा मेसेज गेला पाहिजे. माणुसकी वगैरे काही नाही, सरळ गुंतवणूक.

शिकागोकर_जुना: म्हणजे नाटकच. त्यापेक्षा काकांच्या बाई प्रामाणिक म्हणायच्या.

फ्रीथ्रो_काका: म्हणा. याच प्रामाणिक बाईंनी मागच्या आठवड्यात लेकीला पुन्हा फॉलो केलंय. या सीझनला कॉलेजच्या टीममध्ये तिला खेळायला मिळणारे मिनिट्स कमी झालेत, तेवढ्यात बरोबर वास लागला.

बखरकार: पोर्टलमध्ये नाव नसताना संपर्क करणं नियमात बसत नाही.

शिकागोकर_जुना: फॉलो म्हणजे संपर्क नव्हे. काका, तिने फॉलो बॅक केलं का?

फ्रीथ्रो_काका: केलं. मला न विचारता.

एचआरवाली_पुणे: आमच्याकडे एकदा नाही म्हटलेल्याला पुन्हा घेत नाहीत.

बेंचवरचा: घेता हो. 40 टक्के वाढवून घेता.