मदत हवी आहे : वीटभट्टीवरील कुटुंबाचे मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटका झाल्याचा सरकारी दाखला)

नागपूरजवळच्या एका वीटभट्टीवर छत्तीसगडमधून आलेले पाच जणांचे कुटुंब मुकादमाकडून घेतलेल्या ४०,००० रुपयांच्या उचलीपायी अडकून पडले आहे. हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीचा हिशेब त्यांना दाखवला जात नाही आणि आधार कार्डेही मुकादमाने ठेवून घेतली आहेत. पोलिसांनी हा पैशांचा वाद ठरवला, तर कामगार कार्यालयाने लेखी करार मागितला. उचल तोंडीच दिली जाते, तेव्हा करार आणायचा कुठून? शिवाय १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम १५ नुसार कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवरच आहे. पावसाळ्यापूर्वी भट्टी बंद झाली की त्यांना दुसरीकडे हलवतील, अशी भीती वाटते. मुक्ती प्रमाणपत्रासाठी अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा की उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, आणि करार नसताना सोबत कोणता पुरावा जोडावा?