आईच्या पायाची जखम धुवायला नेमकं काय वापरावं? (व्हेरिकोज अल्सर, म्हणजे पायाच्या शिरांमध्ये रक्त साचून होणारी जखम)

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ६८) डाव्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या बाजूला जखम आहे. गणपतीपासून भरतच नाहीये. आयुष्यभर पोळी-भाजी केंद्र चालवलं, सगळं काम उभ्याने. जखमेभोवतीची कातडी काळपट, कडक झाली आहे आणि लस इतकी गळते की सकाळचं ड्रेसिंग दुपारीच ओलं. डॉपलर झालं, पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे, एबीपीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) १.० आला. शुगर नाही, थायरॉईडची गोळी चालू आहे.

सर्जन म्हणाले, नॉर्मल सलाईन पुरे. ड्रेसिंगला घरी येणाऱ्या सिस्टर मात्र हायड्रोजन पेरॉक्साईड ओततात. ते फसफसून वर येतं आणि आई उशी घट्ट धरून बसते. बघवत नाही. शेजारच्या काकूंचा भर बीटाडिनवर, तर मेडिकलवाल्याने पीएचएमबी या जंतुनाशक द्रावणाची महागडी बाटली पुढे केली.

कॉक्रेन (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) हिचा २०२१चा आढावा वाचला. अशा जखमा धुण्यावरच्या फक्त ४ चाचण्या, मिळून २५४ रुग्ण. अमुक द्रावणाने जखम लवकर भरते असं ठामपणे म्हणता येत नाही. मग पीएचएमबीवर पैसे घालावेत का? वासात किंवा त्या पिवळ्या बुळबुळीत थरात कुणाला फरक दिसलाय? आणि सिस्टरना न दुखावता पेरॉक्साईड कसं थांबवू?

प्रतिसाद १
ताई, मी ड्रेसिंग विभागात काम करते. पेरॉक्साईड नकोच, नव्याने भरणाऱ्या मांसालाही ते इजा करतं. सर्जनकडून कागदावर 'फक्त सलाईन' लिहून घ्या, म्हणजे सिस्टरनाही वाईट वाटणार नाही. सलाईन कोमट करून वापरा, गार ओतलं की जास्त झोंबतं. बीटाडिनमधलं आयोडिन जखमेतून अंगात शोषलं जातं, त्यामुळे थायरॉईड असताना रोज वापरायचं तर आधी डॉक्टरांना विचाराच. वास किंवा थर खूप असेल तर पीएचएमबीत भिजवलेला गॉज १०-१५ मिनिटं ठेवून बघता येईल. नसेल तर पैसे वाचवा. ताप आला, लाली पसरली किंवा दुखणं एकदम वाढलं तर लगेच दाखवा.

पण ही जखम भरते ती मुख्यतः दाबपट्टीने. एबीपीआय १.० म्हणजे दाब द्यायला सहसा हरकत नसते. तुम्ही पट्टीबद्दल काहीच लिहिलं नाही. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधतात, की नुसती जखम झाकतात?