रोजगार हमीच्या मजुराला ‘अकुशल’ म्हणणं थांबवावं का?

डोंगरउतार

रोजगार हमीच्या कामाचं अंदाजपत्रक उघडलं की दोन आकडे समोर येतात, अकुशल खर्च आणि कुशल खर्च. माती-दगडात राबणाऱ्यांची सगळी मजुरी पहिल्यात. 2005 च्या केंद्रीय कायद्याने याची व्याख्याच करून ठेवली: कसब किंवा खास प्रशिक्षण नसताना कोणत्याही प्रौढ माणसाला जमेल ते शारीरिक काम म्हणजे अकुशल काम. माझं स्पष्ट म्हणणं आहे, हा शब्द जावा.

एखाद्याला काम येत नाही हे सांगायला मराठीत शब्द कमी नाहीत. नवखा, नवशिका, शिकाऊ, होतकरू, पोरांच्या खेळात लिंबूटिंबू. या प्रत्येकाला मुदत आहे. नवखा रुळतो, शिकाऊ वाहन परवाना सहा महिन्यांचा असतो, लिंबूटिंबू मोठा झाला की त्याच्यावरही राज्य येतं. ‘अकुशल’ला मुदत नाही. आयुष्यभर माती उपसलेली बाई पहिल्या हजेरीपटावर जी होती तीच शेवटच्यावर.

आणि काम तरी कसलं? आमच्या भागात ओघळींवर अनघड दगडी बांध घालतात. सिमेंट नाही, चुना नाही. मोठे दगड बाहेरच्या अंगाला, बारीक पोटात. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे, नाहीतर पहिल्याच वळवाच्या लोंढ्यात बांध उसवतो. हातात दगड घेऊन, दोनदा फिरवून, त्याची बसायची बाजू ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘कोणालाही जमेल’ म्हणणाऱ्या साहेबांनी एक थर रचून दाखवावा.

निवृत्त शाखा अभियंता

तळमळ पटली, मागणी नाही पटली. हा शब्द माणसाचं मोजमाप करायला आलेला नाही. दार सताड उघडं ठेवायला आला आहे.

मागचं आठवा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला 1965 साली रोजगार हमीचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, 1977 ला राज्याचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यातला कणा एकच: जो मागेल त्याला काम. काय येतं, किती शिकलास, कुठे केलंस, असा एकही प्रश्न विचारायचा नाही. कामाला कसबाची अट नाही, म्हणूनच हे चालतं. उद्या तुम्ही ‘माती कारागीर’ असं नाव द्या. परवा कोणीतरी कारागिराचं प्रमाणपत्र मागेल, आणि नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरायला आलेली विधवा बाई ग्रामपंचायतीच्या दारातून परत जाईल.

पैशाचंही पाहा. त्या 2005 च्या कायद्यात अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, कुशल मजुरी आणि साहित्याचा पाऊण हिस्सा केंद्राचा, पाव राज्याचा. किमान 60 टक्के खर्च अकुशल मजुरीवर व्हावा हे बंधन होतं, म्हणून ठेकेदाराचं यंत्र लांब राहिलं. ज्या शब्दाच्या आधाराने मजुराच्या पदरात पैसा पडतो तो नुसता कानाला टोचतो म्हणून काढायचा?

कोल्हापूरची

काका, मुद्दा कानाचा नाही. नाटकाकडे बघा. पोटापाण्याला बँकेत किंवा शाळेत नोकरी करून नाटक करणाऱ्यांना आपण हौशी म्हणतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच हौशी आहे. त्यांना ‘अव्यावसायिक, अकुशल नट’ म्हणायचं कोणाला सुचलं नाही, कारण नाव ठेवताना ती माणसं आपल्यातली होती. माती वाहणाऱ्याचं नाव ठेवताना त्याला कोणी विचारलं?

कारखान्यातल्या पोराला 1961 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार म्हटलं, त्याला मिळतं ते विद्यावेतन. किती अदबीने! दोन्ही शब्द सरकारीच आहेत. म्हणजे सरकारला चांगला शब्द सुचत नाही असं नाही.

पाटी-घमेलं

मी पुण्यात बांधकामावर आहे, आधी बिगारी, आता गवंडी. साईटवर अकुशल कोणी म्हणत नाही, बिगारी म्हणतात. वेठबिगारीतला तो बिगारी. कायद्याने 1976 ला वेठबिगारी बंद केली, पण शब्द रोज सकाळी नाक्यावर ऐकू येतो. त्यापेक्षा अकुशल बरा, निदान कागदावरचा आहे, तोंडावर कोणी मारत नाही.

आणि शब्द बदलून हजेरी वाढत नाही. मला गवंडी म्हणायला लागले ते थापी हातात घेतल्यावर, आणि मजुरी वाढली ती मुकादमाशी भांडल्यावर. बिगारी काय शिकतो ते मात्र कोणी लिहीत नाही. माल किती ओला, गवंड्याचा हात कधी रिकामा होणार, वरच्या मजल्यावर घमेलं कुठे टेकवायचं. नवीन बिगारी आला की गवंड्याचं अर्धं काम मंदावतं. हे सगळं कुठल्या रकान्यात बसवणार?

डोंगरउतार

पाटी-घमेलं दादा, तुम्ही शेवटी जे लिहिलंत तेच माझं म्हणणं आहे.

अभियंता काका, दार उघडं राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण कायद्यातला शब्द कामाला लावलेला आहे आणि तालुक्यात तो माणसाला चिकटला आहे. ‘अकुशल मजूर किती आले?’ असंच विचारतात. मग ‘कसबाची अट नसलेलं काम’ आणि ‘मजूर’ एवढंच लिहा ना. अट कामाला राहील, शिक्का माणसावर बसणार नाही. केंद्राचा, राज्याचा वाटा तसाच मोजता येईल.

निवृत्त शाखा अभियंता

हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मजुराला मजूर म्हणायला माझी कधीच हरकत नव्हती. पण ‘कसबाची अट नसलेलं काम’ हे सहा इंची रकान्यात कारकून लिहिणार नाही, तो ‘बिनकसबी’ करून टाकेल आणि तुम्ही पुन्हा इथेच धागा काढाल.

शब्दापेक्षा मला दुसरी गोष्ट खुपते. समतल चराची आखणी गावातल्या पोरापोरींनी हायड्रोमार्करने केलेली मी पाहिली आहे. पाण्याची नळी, दोन पट्ट्या, आणि उतारावर समान पातळीचे बिंदू. ती आखणी चुकली तर चरात पाणी थांबत नाही, एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. हे काम करणाऱ्याला निदान अर्धकुशलचा दर मिळावा. त्यासाठी भांडा, मी सही करतो.

कोल्हापूरची

आणि दगड रचणाऱ्यांना? त्यांच्यासाठी पण सही करा, काका.